गार होले

१

मार्चमध्ये रॉइस टीग गेला, आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्याचा धाकटा भाऊ हार्लन बंदूक घेऊन नीवाच्या दारात आला. जेवणाची वेळ टळून गेली होती. नीवा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून खिडकीबाहेर बघत होती. पाच महिन्यांत तिनं त्या खिडकीतून बघण्यासारखं सगळं बघून संपवलं होतं.

"ही रॉइसची," हार्लन म्हणाला. "माझ्याकडे राहिली होती."

"ठेव तिकडे कोपऱ्यात."

"कोपऱ्यात ठेवायला नाही आणली. एक सप्टेंबरला होल्यांची शिकार सुरू होतेय. तू येतेयस माझ्याबरोबर, कुबेनाच्या शेतावर."

"हार्लन, मी आजवर उंदीरसुद्धा मारलेला नाही."

"उंदीर हुशार असतो. होला नुसता उडतो."

ती हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. नाही म्हणायला आतून काहीतरी उठावं लागतं, आणि तसं काही उठत नव्हतं. रॉइस गेल्यावर सुरुवातीचे आठ-दहा दिवस तिनं दुःखाची वाट पाहिली होती, पाहुणा यायचा म्हणून खोली आवरून बसावं तशी. पाहुणा आला नाही. मग तीही वाट बघायची थांबली. सकाळी उठायची, अंडं उकडायची, अर्धं खायची. चर्चमधल्या बायका डबे घेऊन यायच्या आणि तिच्या कोरड्या डोळ्यांकडे बघून लवकर निघायच्या.

ऑगस्टभर दर रविवारी हार्लननं तिला आपल्या गोठ्यामागच्या माळावर शिकवलं. तो विजेच्या खांबांवर चढण्यात जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस, आवाज मोठा, गुडघे गेलेले. मातीच्या थाळ्या तो हातानं हवेत भिरकवायचा आणि नीवाचा नेम चुकायचा.

"नळी थाळीच्या पुढं ने. आणि चाप ओढलास म्हणून हात थांबवायचा नाही, फिरत राहू दे."

"थाळी गेलीसुद्धा."

"ती गेली. दुसरी आहे. तोटा नाही."

चौथ्या रविवारी तिनं दहातल्या सहा थाळ्या फोडल्या. हार्लननं टोपी काढून डोकं खाजवलं. "रॉइस पहिल्या वर्षी तीन फोडायचा," तो म्हणाला, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं सांगतो म्हणून सांगितलं. "माझी कुत्री गेल्या थंडीत मेली. म्हणजे आपला पक्षी आपणच उचलायचा. होला पडला की डोळे तिथून हलवायचे नाहीत. पाणी प्यायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही. सरळ त्या जागेकडे चालत जायचं. राखाडी पक्षी वाळक्या पाल्यात पडलेला असतो. नजर हलली की हरवला."

२

एक सप्टेंबरला दुपारी पारा एकशेदोन फॅरनहाइटवर होता. वेन्डेल कुबेनाच्या शेतातली सूर्यफुलं वाळून काळी पडली होती, माना खाली टाकून उभी. त्यांच्या बियांवर पाखरं येतात म्हणून तो दरवर्षी तेवढी चाळीस एकर पेरायचा, आणि ओळखीची बारा-पंधरा माणसं पहिल्या दिवशी बोलवायचा. तोच आपल्या पिकपमधून एकेकाला त्याच्या जागी सोडायचा आणि सूर्य मावळला की गोळा करायचा.

"नीवा, याच्यापासून लांब बस," वेन्डेल म्हणाला. "गेल्या वर्षी यानं माझ्या पाण्याच्या टाकीला भोकं पाडली."

"टाकीमागं होला होता," हार्लन म्हणाला.

"होला अजून आहे. टाकी बदलावी लागली."

दोघं हसले. वेन्डेलनं त्यांना पश्चिमेच्या कुंपणाशी उतरवलं. तारेच्या कडेनं मेस्कीटची काटेरी झाडं होती, तेवढीच सावली. हार्लननं एका झाडाखाली आपली बादली पालथी घातली आणि पुढच्या झाडाखाली नीवाची. मध्ये ऐंशी पावलं, त्यानं मोजून ठेवलेली. मोठ्यानं बोललं की ऐकू येईल आणि छर्रे मात्र कोणाला लागणार नाहीत, एवढं अंतर. बाकीची मंडळी शेताच्या पलीकडच्या बाजूला होती. तिकडून अधूनमधून बार ऐकू यायचे, कोणी लांब दार आपटावं तसे.

साडेतीनच्या सुमाराला पाखरं यायला लागली. होला उडताना त्याच्या पंखांची शीळ वाजते, बारीक, थरथरती. आधी शीळ यायची, मग वर बघितलं की पाखरू. पहिली जोडी हार्लनवरून गेली. दोन बार, एक पडला. तो लंगडत गेला, उचलून आला, आणि थेट नीवाकडे चालत आला.

"हातात घे. आधी कळू दे, कशासाठी आलोय ते."

तिनं ओंजळ पुढं केली. पक्षी ऊबदार होता, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखा. मान मऊ, कुठंही वळणारी. एक पीस तिच्या बोटाला चिकटलं.

"कसं वाटतंय?"

"गरम लागतोय," नीवा म्हणाली. त्यापलीकडे तिला खरोखर काही वाटत नव्हतं. हार्लननं मान हलवली, जणू एवढ्यावर काम भागलं, आणि तो आपल्या बादलीकडे परतला.

३

तिचा पहिला होला शीळ न घालता आला.

हे तिच्या लक्षात आलं ते नंतर. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं की डावीकडून एक पाखरू सरळ येतंय, उंच, एकटं. ती उभी राहिली, नळी त्याच्या पुढं नेली, चाप ओढला आणि हात फिरत ठेवला. पाखरू हवेत दुमडलं आणि पंचवीस-तीस पावलांवर सूर्यफुलांच्या ताटांत पडलं. पडताना धप्प झालेलं तिनं ऐकलं.

"शाब्बास," हार्लन तिकडून ओरडला. "डोळे हलवू नकोस."

तिनं हलवले नाहीत. वाळकी ताटं कमरेला घासत ती चालत गेली आणि तो जिथं पडला तिथंच तिला सापडला. तिनं उचलला आणि लगेच हात मागं घेतला.

पक्षी गार होता. उन्हात जमीन तापून बुटांतून पाय भाजत होते, आणि हा शीतपेटीतून काढल्यासारखा गार. पाय ताठ. मान वळेना. तिनं त्याला उताणा केला. छातीवर एक छर्रा लागलेला होता, पण रक्त ओलं नव्हतं. तपकिरी खपली धरली होती.

मग तिला सुचलं ते अगदी साधं होतं: सकाळी कोणीतरी इथं शिकार केली असणार. त्याचा न सापडलेला पक्षी हा. माझा शेजारीच कुठंतरी पडलाय. तिनं टोपी जमिनीवर ठेवून खूण केली आणि टोपीभोवती फिरत शोधलं, आधी लहान गोल, मग मोठा. दुसरा पक्षी नव्हता.

परत येताना तिनं विचारलं, "हार्लन, मेल्यावर होला किती वेळानं गार पडतो?"

"ह्या उन्हात? आज तरी नाही पडायचा. का गं?"

"सहजच."

"सापडला ना?"

"सापडला." तिनं पक्षी पिशवीत टाकला. पिशवी मांडीला लागली तिथं तिला कापडातून गारवा जाणवत राहिला.

४

दुसरा पाच वाजायच्या आधी पडला. ह्या वेळी ती कान देऊन होती. शीळ आली नाही. पाखरू मात्र जिवंत होतं याबद्दल तिला शंका नव्हती. त्यानं तिला बघून वळण घेतलं होतं, पंख जोरात मारले होते. ते बावीस पावलांवर मोकळ्या मातीत पडलं, ताटं नव्हती अशा जागी, तिच्या डोळ्यांसमोर. तिथं दुसरा कुठला पक्षी असायची सोयच नव्हती.

ती पोचली तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते आणि चोचीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती.

तिसऱ्यावर तिला बार काढायचा नव्हता. हात आपोआप वर गेला, ऑगस्टभर गेला होता तसा. तो पडला. ती गेली. उचलला तर हातात वजनच नव्हतं. वाळून चामड्याची घडी झालेली, पिसं बोट लावताच सुटून वाऱ्यावर गेली.

तिनं तो खाली ठेवला आणि त्यावर पायानं थोडी माती लोटली. घाबरायला हवं हे तिला कळत होतं. पण ते कळणं कुठंतरी लांब होतं, शेताच्या पलीकडच्या बारांसारखं. ती बादलीवर येऊन बसली, बंदुकीतली काडतुसं काढून तिनं खिशात टाकली आणि जे कोणालाही सांगितलं नव्हतं त्याचा विचार केला.

गेला त्या दिवशी रॉइस संध्याकाळी सहाला टबमध्ये जाऊन बसला होता. त्याची पाठ दुखायची, गरम पाण्यात तो तास-दोन तास काढायचा, रेडिओ लावून. नीवा बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होती. आठ वाजता त्यानं आतून विचारलं, "नीवा, तो निळा टॉवेल धुवायला टाकलास का?" ती हो म्हणाली. "मग दुसरा दे." देते म्हणाली, आणि हातातला शर्ट संपवून उठली. मेजापासून दारापर्यंत सात पावलं होती. तिनं दार उघडलं. पाणी गार झालं होतं. साडेआठला तपासायला आलेल्या माणसानं रॉइसचा हात कोपरात वाकवून बघितला, वाकेना, आणि हळू आवाजात म्हणाला, दोन तास तरी होऊन गेलेत.

आपण ऐकण्यात चुकलो, असं तिनं ठरवून टाकलं होतं. रेडिओवरचं कोणीतरी बोललं असेल. टॉवेलबद्दल मात्र रेडिओवर कोणी कशाला बोलेल, हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारू दिला नव्हता. आता तो आपण होऊन येऊन समोर बसला.

५

"झोपलीस का काय?" हार्लन ओरडला. "चार गेले तुझ्या डोक्यावरून."

"दिसले."

"दिसले तर मग? पाहुणे आहेत का ते?"

"हार्लन, तुला त्यांची शीळ ऐकू आली?"

"आली की. न यायला काय झालं?"

म्हणजे कान आपलेच बिघडले, असं तिला वाटलं, आणि क्षणभर बरंही वाटलं. उष्माघातानं होतं म्हणतात असं काहीबाही. ती पाणी प्यायली. मानेवर ओला रुमाल ठेवला. डोळे मिटून दहा श्वास मोजले. मग एक जोडी उत्तरेकडून आली आणि हार्लनकडे वळली. तिला शीळ स्पष्ट ऐकू आली. कान ठीक होते.

हार्लननं बार काढला नाही.

ती जोडी त्याच्या अगदी डोक्यावरून, कोणालाही लागेल अशी गेली. मग आणखी तीन. तेव्हा तिला आठवलं की त्याचा बार ऐकून बराच वेळ झालाय. तो झाडाला टेकून बसला होता, टोपी पुढं ओढलेली, बंदूक मांडीवर. सावली त्याच्या अंगावरून सरकून गेली होती आणि तो उन्हात बसला होता, तरी हलला नव्हता.

"तूच झोपलास वाटतं," ती म्हणाली.

"मी? मी हिशेब लावतोय, रॉइसनं पहिल्या वर्षी खरंच तीन फोडल्या होत्या का चार."

आवाज नेहमीचाच, मोठा, हसरा. त्याच्यावरून आणखी एक होला गेला. नीवा बघत होती. पंख हलत होते, पाखरू वळलं, मेस्कीटच्या शेंड्याला लागून गेलं. शीळ आली नाही.

"नीवा," हार्लन म्हणाला, "जरा इकडे ये गं."

ती उठली. दोन पावलं टाकली आणि थांबली.

"कशाला?"

"ये तर खरी."

"तिथून सांग."

"इथून काय सांगू? एवढंसं तर अंतर आहे."

ऐंशी पावलं. त्याच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसवले होते. त्याला काही होत असेल तर धावत जायला हवं, हे कोणीही सांगेल. तिनं स्वतःलाही तेच सांगितलं, अगदी शब्द जुळवून. पण पाय उचलेना. चालत गेलं की ते होतं. बघत असतो तोवर पाखरू उडत असतं, माणूस टॉवेल मागत असतो. आपण चालत जातो, आणि पोचतो तेव्हा तिथलं सगळं कधीचंच होऊन गेलेलं असतं.

"हार्लन, हात वर कर."

"काय?"

"एक हात वर कर. गंमत म्हणून."

"शाळेत आहे का मी?" तो हसला. हात वर झाला नाही. टोपीच्या सावलीत त्याचं तोंड दिसत नव्हतं.

६

तिनं वेन्डेलला फोन लावला.

"सूर्य मावळायला अजून अर्धा तास आहे, नीवा," तो म्हणाला. "काय, कंटाळलीस?"

"हार्लनकडे ये. आत्ता."

"त्याला काय झालं?"

"मला माहीत नाही."

"तू कुठं आहेस?"

"इथंच. मला दिसतोय तो."

"अगं मग जा ना त्याच्याजवळ."

"तू ये, वेन्डेल."

त्यानं आणखी काही विचारलं नाही. शेताच्या त्या टोकाला इंजिन सुरू झालेलं तिनं ऐकलं. दहा मिनिटं लागणार होती. ती दहा मिनिटं तिनं हार्लनला बोलतं ठेवलं. काय सुचेल ते विचारलं. त्याची कुत्री कुठल्या जातीची होती, खांबावर चढताना पहिल्या दिवशी पाय लटपटले होते का, लहानपणी रॉइस त्याला मारायचा का.

"मारायचा? एकदा त्यानं मला धान्याच्या कोठीत कोंडलं होतं दिवसभर."

"मग?"

"मग काय, संध्याकाळी त्यालाच रडू आलं. दार उघडून माझ्या आधी तोच रडला. आई मला सोडून त्यालाच जवळ घेऊन बसली."

हे तिला ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षांच्या संसारात रॉइसनं कधी सांगितलं नव्हतं. मार्चपासून पहिल्यांदा तिला रडू येईलसं वाटलं, पण बोलणं थांबवून चालणार नव्हतं.

"आणखी सांग."

"ये ना इकडे, सांगतो. ओरडून घसा बसला माझा."

"नाही. तिथूनच सांग."

"काय हट्टी बाई आहेस. अगं, रॉइस म्हणायचा..." आणि तो सांगत राहिला.

कुंपणाच्या कडेनं धुळीचा लोट येत होता. पिकप हार्लनच्या झाडाशी थांबली. नीवाला एकदम वाटलं, वेन्डेलला थांबवावं, उतरू देऊ नये. ती हात वर करून उभी राहिली, पण तोवर तो उतरला होता.

तो हार्लनकडे गेला. त्यानं हाक मारलेली तिनं ऐकली, एकदा, दोनदा. मग खांद्याला हात लावला. मग तो वाकला आणि तसाच राहिला, आणि मग त्यानं आपली टोपी काढली.

"ह्याला काय झालं?" हार्लन म्हणाला. "तोंड बघ कसं केलंय."

वेन्डेल वळला. "नीवा," तो ओरडला, आवाज फाटलेला. "इकडे येऊ नकोस. तिथंच थांब. ऐकतेयस ना?"

"ये गं," हार्लन म्हणाला. "त्याचं काय ऐकतेस?"

दोन्ही आवाज एकाच झाडाखालून येत होते. एक वाकलेला माणूस आणि एक बसलेला, मध्ये वीतभर अंतर.

"येते," नीवा म्हणाली.

तिनं बंदूक बादलीला टेकवून ठेवली. इथंच बसून राहिलं तर तो बोलत राहील, अंधार पडल्यावरही, कदाचित उद्याही, हे तिला कळत होतं. आणि तो एकटा बसून तिला हाका मारत राहील, हेही. ती चालायला लागली. हार्लन बोलत होता. आईची ती गोष्ट पुरी करत होता, मग गुडघ्यांबद्दल काही, मग घरी गेल्यावर होले मिरच्या घालून कसे भाजायचे ते. वेन्डेल दोन्ही हात पसरून तिला अडवायला पुढं आला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. पावलं ती मोजत नव्हती, तरी मोजली जात होती. साठ. सत्तर. हार्लन म्हणाला, "त्यात थोडं लोणी," आणि

ती पोचली. वेन्डेलच्या हाताखालून तिला एवढंच दिसलं: बंदुकीवर ठेवलेला हात, बोटांच्या पेरांचा रंग, आणि त्या पेरांवरून शांतपणे, एका ओळीत पलीकडे जाणाऱ्या मुंग्या.

वेन्डेलनं तिला धरून वळवलं. तो रडत होता. "नको बघूस," तो म्हणत होता. "कधी झालं असेल गं हे. दुपारीच झालं असणार. आणि आपण सगळे इथं. बिचारा कधी गेला असेल, कोणाला पत्ता नाही."

"आत्ताच," नीवा म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते आणि ते तिला उशिरा कळलं. "पाच-सहा पावलांपूर्वी."